उजेडात धरलेली कांडी

त्याला सगळे एकदाचभाऊ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेले नाव शाळेच्या दाखल्यावर होते आणि तिथेच राहिले.

गाई भरवणे हा त्याचा धंदा. वळूचे गोठवलेले बीज पेनातल्या रिफिलीसारख्या बारीक कांडीत येते. ती कांडी कोमट पाण्यात धरून वितळवायची, लांब सळईत बसवायची, डावा हात खांद्यापर्यंत रबरी मोज्यात घालून गाईच्या आत न्यायचा, आतून गर्भाशयाची मान चिमटीत पकडायची आणि उजव्या हाताने सळई त्या मानेतून अलगद सरकवून बीज सोडायचे. सांगायला एक दम लागतो, शिकायला दोन वर्षे लागतात. इतरांच्या हातून हे काम दोनदा, तीनदा करावे लागे. त्याच्या हातून एकदा. एकवीस दिवस उलटूनही गाय पुन्हा माजावर आली नाही, की मालक त्याला रस्त्यात गाठून ओरडे, "राहिली बरं का, एकदाच!" असे ओरडून ओरडून नाव पडले.

त्याचा डावा दंड उजव्यापेक्षा जाड होता. सगळ्या सदऱ्यांची डावी बाही दुमडून दुमडून विरलेली असे. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर लाकडी खोका बांधलेला, खोक्यात जुनी गोधडी, आणि गोधडीत ते नायट्रोजनचे भांडे, अरुंद गळ्याचे, झाकण उघडले की पांढरी वाफ सांडणारे. लग्नाला बावीस वर्षे झाली, पण त्या सीटवर बायकोला काही बसता आले नाही. ती त्या भांड्याला माझी सवत म्हणे. "सवतीला न्या फिरायला. मी येते चालत."

हात आत गेला की तो डोळे मिटून घ्यायचा. कुणी विचारलेच तर म्हणायचा, "आत डोळ्यांना काय काम?" मान सापडली की त्याच्या चेहऱ्यावर पाण्याचा तळ दिसावा तशी शांतता येई. मी ती पुष्कळदा पाहिली आहे. गायसुद्धा त्या वेळी कान पाडून उभी राहत असे.

त्याच्या खिशात एक वही असायची. कुठली गाय कुठल्या वळूपासून झाली, हे त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेले. बापाचे बीज लेकीला जाता कामा नये, हा त्याचा धर्म. इतर लोक हाताला येईल ती कांडी भरत. हा आधी वही बघे, मग कांडीवरचा वळूचा नंबर बघे, आणि मगच पाण्यात धरे. पूर्वी हे सोपे होते. प्रत्येक वळूच्या कांडीचा रंग वेगळा असायचा, निळी, पिवळी, गुलाबी. दीड वर्षापूर्वी बीज पुरवणाऱ्या केंद्रावरून सगळ्याच पांढऱ्या यायला लागल्या. नंबर तेवढा बाजूला छापलेला, मुंगीच्या पायांसारखा.

आणि त्याच सुमाराला गाई उलटायला लागल्या.

पहिल्यांदा डेअरीवाल्याची गाय उलटली. म्हणजे भरवल्यावर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. एखादी येतेच. मग शिक्षिकाबाईंची आली. मग एका आठवड्यात तीन. एकदाचभाऊ चक्रावला. भांड्यात काठी घालून त्याने नायट्रोजन मोजला. भरपूर होता. थर्मामीटर नवा घेतला. कोमट पाणी आधी हाताच्या पाठीवर, मग थर्मामीटरवर, मग पुन्हा हाताच्या पाठीवर बघू लागला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी जायचे, संध्याकाळी दिसला तर सकाळी, हा त्याचा नेम. तो मोडून लवकर जाऊन पाहिले, उशिरा जाऊन पाहिले, एकाच माजात दोनदा भरून पाहिले. गाई उलटतच राहिल्या.

बरे, सगळ्याच उलटत असत्या तर माणूस समजून गेला असता. तसेही नव्हते. महिन्याच्या सुरुवातीला भरलेल्या बऱ्याचशा राहत. शेवटी भरलेल्या जवळजवळ सगळ्या परत येत. त्याने वही उलटसुलट वाचली. अंगणात उभा राहून तो चंद्राकडे बघत बसला. बायको म्हणाली, "आता तिथे कुणाची गाय आहे?"

डेअरीच्या कट्ट्यावर सकाळी लोक किटल्या घेऊन जमत. तिथे बोलणी सुरू झाली.

"एकदाच आला की चार महिन्यांचं काम मिळतं म्हणे त्याला."

"नाव बदला रे त्याचं. पुनःपुन्हाभाऊ करा."

न्हाव्याने तेवढी त्याची बाजू घेतली. "माझी तर राहिली. मागच्याच महिन्याच्या शेवटी भरली होती. एकदाच." खरे म्हणजे हे ऐकून एकदाचभाऊ आणखीच बुचकळ्यात पडला. महिन्याचा शेवट, तेच भांडे, तोच हात. मग न्हाव्याचीच का राहिली? त्या रात्री जेवताना त्याने ताटात दोनदा मीठ वाढून घेतले.

या सगळ्यात सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो त्याच्या ताईचा. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तीन रस्ते ओलांडून राहणारी, शिवणकाम करणारी. तिच्याकडे एकच गाय, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून तिचे नाव टिकली. टिकलीच्या आईला एकदाचभाऊनेच भरले होते. टिकली जन्मली ती त्याच्याच हातांत; पाय अडकला होता, तासभर ओढून काढली. ताईने तिला बाटलीने दूध पाजले होते, शिवणयंत्राशेजारी पोत्यावर निजवून. टिकलीची गाभण राहायची ही पहिलीच वेळ. आणि तीनदा भरून तीनदा उलटलेली.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शांत माणूस. पण एक दिवस म्हणाले, "मेहुणे, रागावू नका. गाय वांझ निघाली असेल तर तुम्ही तरी काय कराल? ही चौथी वेळ बघू. नाही राहिली तर मी तिला देऊन टाकतो. न्यायला माणूस तयार आहे."

ताईने यंत्र जोरात चालवले, आणि कापड संपून सुई नुसतीच चालत राहिली.

एकदाचभाऊ घरी आला तो जनावरांच्या दवाखान्यात जाऊनच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या, बोलायला मोकळ्या. तो आजवर त्यांच्याकडे काही विचारायला गेला नव्हता. गेला आणि दारातच उभा राहिला.

"मॅडम, माझा हात गेला," तो म्हणाला.

"मोडला?"

"नाही. गुण गेला."

बाई दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर हिंडल्या. भांडे तपासले, पाणी तपासले, वितळवायला लागणारे सेकंद घड्याळावर मोजले. त्याच खेपेच्या कांड्या त्यांच्याकडेही होत्या. त्यातली एक त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, उत्तम निघाली. मग एका गोठ्यात त्याला काम करताना पाहिले. तो हात धूत होता म्हणून मदत करावी असे वाटून कांडी त्यांनीच चिमट्याने काढून दिली. बाकी सगळे त्याने केले, आणि असे केले की बाई म्हणाल्या, "भाऊ, मी कॉलेजात शिकले तेव्हा आमच्या सरांचा हातही असा चालत नव्हता. तुमच्यात काही दोष नाही. गाईंना क्षार कमी पडत असतील." ती गाय राहिली.

हे तर अजूनच कोडे. बाई होत्या तेव्हा राहिली. मग काय बाईंनी येऊन नुसते उभे राहायचे?

क्षारांच्या पुड्या वाटल्या. महिना गेला. गाई उलटल्या. आता तो कांड्यांवरही संशय घेऊ लागला. पूर्वी नंबर एकदा बघायचा. आता दोनदा, तीनदा बघू लागला. एक बाहेर काढून बघायची, ती नव्हे म्हणून परत ठेवायची, दुसरी काढायची. चुकीच्या वळूची तर जात नाही ना? बापाची लेकीला तर जात नाही ना? जितकी काळजी घ्यावी तितके बिघडत चालले होते. त्याचे बोलणे कमी झाले. हात आत घातल्यावर तो आता डोळे उघडे ठेवू लागला, आणि गाई कान टवकारून मागे बघू लागल्या.

टिकली पुन्हा माजावर आली ती सकाळी. ताईने निरोप धाडला. नेमाप्रमाणे तो दुपार कलल्यावर गेला. गोठा म्हणजे घराच्या मागे उतरते छप्पर, एक खुंटा, एक दार. आत अंधारलेले, दारात उजेडाचा पट्टा. टिकली हंबरत होती. मागून काचेसारखा स्वच्छ, चिकट स्रावाचा सोट लोंबत होता. माज अगदी खरा. दाजी शेपूट धरून उभे होते आणि छपराकडे बघत होते.

एकदाचभाऊने खोका उतरवला. वही काढून वाचली. भांड्याचे झाकण काढले, दांडी धरून आतला डबा वर ओढला. त्या डब्यात सगळ्या कांड्या उभ्या. डबा घेऊन तो चार पावले दाराकडे गेला. उजेडात धरला. लांब धरला. मान मागे घेतली. जवळ आणला, परत लांब नेला. वाफ त्याच्या मनगटांवरून ओघळून खाली सांडत होती. एक कांडी चिमट्याने उचलून फिरवली, ठेवली. दुसरी उचलली.

ताई दाराशी तांब्या घेऊन उभी होती, त्याच्या हातावर पाणी घालायला.

"अरे," ती म्हणाली, "तुला दिसत नाही का?"

"दिसतंय की. नंबर बघतोय."

"दाराशी का आलास?"

"आत अंधार आहे."

"अंधार आधीपासून आहे. तू याच्याआधी कधी दाराशी यायचास?" ताईने तांब्या खाली ठेवला. "माझ्याकडे बायका येतात शिकायला. चाळिशी उलटली की सगळ्या अशाच करतात. सुई घेतात आणि दाराकडे जातात. हात लांब करतात, मान मागे घेतात. विचारलं की म्हणतात, अंधार आहे. तुला चाळिशी लागली आहे रे बाबा. चष्मा लागलाय तुला."

"मला?" तो उसळला. "ताई, मी अख्खी गाय न बघता आतून वाचतो!"

"गाय वाचतोस. अक्षर वाचता येत नाहीये तुला. किती वेळ उभा आहेस ठाऊक आहे? तुझं होईपर्यंत मी हा तांब्या घासला, विसळला आणि भरून आणला."

एकदाचभाऊने हातातल्या डब्याकडे पाहिले. वाफ जवळजवळ थांबली होती. त्याने डबा घाईघाईने भांड्यात सोडला. नायट्रोजन आत खदखदला, तव्यावर पाणी पडावे तसा.

बावीस वर्षांपूर्वी शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी जे सांगितले होते ते त्याला आठवले. डबा भांड्याच्या गळ्याच्या वर आणायचा नाही. पाच-सात सेकंदांत काम उरकायचे. कांडी एवढीशी, बाहेरची हवा लागली की आतले बीज वितळू लागते, परत बुडवले की पुन्हा गोठते, आणि मरते. वरून काही कळत नाही. पांढरी ती पांढरीच दिसते.

"आता काय झालं?" दाजी शेपटीमागून म्हणाले. "भरताय ना?"

"नाही."

"नाही काय नाही? माज सरेल तिचा!"

"या कांडीने नाही." त्याने झाकण घट्ट बसवले. "दाजी, मला काही समजत नाहीये. थोडं समजलंय. अंधार पडायच्या आत येतो. तिला पाणी दाखवा, पण सोडू नका."

दवाखाना पाऊण तासावर. भांडे मागे, तो पुढे. वाटेभर तो मनाशी जुळवत होता. कांड्या केंद्रावरून महिन्याच्या सुरुवातीला येतात. पहिले काही दिवस डबा फार वेळा वर आलेला नसतो. मग रोज वर, रोज दाराशी. शेवटच्या आठवड्यात उरलेल्या कांड्यांनी पंचवीस-तीसदा उजेड पाहिलेला. मग चंद्राचा काही संबंध नाही. पण मग न्हाव्याची गाय? एवढे एक जुळेना.

डॉक्टरीणबाई कुलूप लावत होत्या. त्याने धापा टाकत सांगितले. बाईंनी कपाळावर हात मारला. "त्या दिवशी कांडी मीच काढून दिली ना तुम्हाला! नव्या महिन्याची, दुसरा दिवस होता."

त्यांनी कुलूप उघडले. त्याच्या भांड्यातली एक कांडी वितळवून थेंब काचेवर घेतला आणि त्याला बघायला लावले. सूक्ष्मदर्शकाला त्याची चाळिशी आड आली नाही. त्याने पाहिले. सगळे निपचित पडलेले, वाळूसारखे. कडेला एखाददुसरा जीव नुसता थरथरत होता. मग बाईंनी आपल्या भांड्यातल्या कांडीचा थेंब ठेवला. नुसती झुंबड. सुटलेल्या बाजारासारखी.

तो बराच वेळ वाकून राहिला. "माझ्यामुळे किती गाई उलटल्या असतील, मॅडम?" त्याने विचारले, आणि उत्तर नको म्हणून लगेच उठला.

"न्हाव्याची का राहिली?" दारातून परत येऊन त्याने विचारले.

"त्या थरथरणाऱ्यातला एखादा पोचला असेल. सांगता येत नाही, भाऊ."

बाईंनी त्याच्या जुन्या कांड्या सगळ्या काढून घेतल्या, तीन चांगल्या दिल्या, त्याने सांगितलेल्या वळूच्या.

तो परतला तेव्हा उजेडाचा पट्टा दारातून निघून अंगणाच्या कडेला पोचला होता. दाजी अजून उभे होते. टिकलीचा सोट अजून स्वच्छ होता. ताईने आपला चष्मा काढला, एका काडीला दोरा गुंडाळलेला, आणि सरळ त्याच्या नाकावर बसवला.

"बायकी आहे," तो म्हणाला.

"टिकली कुणाला सांगणार नाही."

त्याने डबा गळ्यापर्यंतच उचलला, वर नाही. आत वाकून बघितले. नंबर स्वतःहून पुढे आल्यासारखा दिसला, काळा, ठळक, शेवटचा आकडा सात. दीड वर्ष तो त्याला कधी एक, कधी सात वाटत आला होता. चिमटा, कांडी, पाणी. ताई तोंडाने मोजत होती. चार झाले तेव्हा डबा खाली गेला होता. मग हात आत गेला, आणि पुष्कळ महिन्यांनी त्याने डोळे मिटले.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. एकविसाव्या दिवशी तो पहाटेपासून ताईच्या गोठ्यात येऊन बसला. टिकली रवंथ करत होती. ती हंबरली की तो उठे. ती वैरणीसाठी हंबरायची. बाविसाव्या दिवशीही आला, तेविसाव्याही. "राहिली असेल," ताई म्हणाली. "किंवा मुका माज असेल," तो म्हणाला. "आतून येतो, बाहेर दाखवत नाही." आपल्याच हाताचा त्याला भरवसा उरला नव्हता. स्वतःचा चष्माही तो करेना. "आधी ही राहू दे. मग खरंच डोळ्यांचा दोष होता असं धरीन." तोवर ताईचाच लावून हिंडत होता. ताई जुन्या चष्म्यावर काम भागवत होती.

डेअरीच्या कट्ट्यावर जाऊन मात्र त्याने सांगितले. अभिमानी माणूस, दोन दिवस मागे मागे राहिला, तिसऱ्या दिवशी किटल्यांच्या रांगेसमोर उभा राहिला. "तुमच्या गाईंना काही झालेलं नव्हतं. दोष माझा होता. मला दिसत नव्हतं." कुणीतरी म्हणाले, "तरी म्हटलं, चष्मा ताईंचा कसा!" आणि हशा पिकला. डेअरीवाला मात्र हसला नाही. त्याने मागच्याच आठवड्यात आपली गाय वांझ म्हणून देऊन टाकली होती. तो फक्त म्हणाला, "मला आधी सांगायला हवं होतंस." एकदाचभाऊ म्हणाला, "मलाच आधी कुणी सांगायला हवं होतं." डेअरीवाल्याने पुढची किटली मापाखाली ओढली.

पंचाहत्तराव्या दिवशी हात घालून बघायचे ठरले. गाय नेणारा माणूस त्या दिवशी सहज म्हणून आला आणि दोर खांद्यावर टाकून अंगणात बसून राहिला. एकदाचभाऊने आधी डॉक्टरीणबाईंना निरोप दिला होता, तुम्हीच येऊन बघा म्हणून. बाईंनी उलट कळवले होते, "हात तुमचा माझ्यापेक्षा चांगला आहे. तुम्हीच बघा."

त्याने मोजा चढवला. हात आत गेला. वेळ गेला. दाजींनी शेपटीची मूठ बदलली. तो हात किंचित हलवी, थांबे, परत हलवी. कपाळावर घाम आला. हात बाहेर काढला, धुतला, पुन्हा घातला.

"अरे, बघतोस की वाचतोस?" ताई म्हणाली. तिचा आवाज मात्र हसत नव्हता.

"थांब ग. गर्भाशयाचं उजवं शिंग मोठं लागतंय. म्हणजे लागतंय असं वाटतंय. पण माझ्या वाटण्याचं काय, मला सातसुद्धा एक वाटत होता."

"मग चष्मा काढ."

मग त्याने मान पुढे केली, आणि ताईने त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. त्याने डोळे मिटले. आत, गर्भाशयाच्या उजव्या फाट्यात, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे काहीतरी त्याच्या बोटांखालून निसटले आणि हलकेच परत आले, अंगठ्याला टेकले. पुन्हा निसटले. पुन्हा आले. टिकलीने कान पाडले.

अंगणातला माणूस उठून दारात आला, त्याच्या तोंडाकडे बघून परत वळला, आणि दोर गुंडाळत निघून गेला.

"काय रे?" ताईने अगदी हळू विचारले.

"आहे," तो म्हणाला. "पण न्हाव्याची का राहिली, ते मला अजून कळत नाही."

ताईने डोळे पुसले, चष्मा आपल्या नाकावर ठेवला, दोरा नीट केला. "ते राहू दे," ती म्हणाली. "आता मात्र स्वतःचा करून घे. अडीच महिने माझे सगळे टाके वाकडे पडतायत."